अठ्ठ्याऐंशी सालचा फुगा

१८ एप्रिल

आजपर्यंत स्वतःच्या हातानं बनवलेल्या वस्तू: पत्र्याच्या पिंपाचा कूलर, घराचं लोखंडी गेट, टाकी भरली की वाजणारी घंटी, अपेक्षाचं घडीचं टेबल, मिक्सरचं लाकडी झाकण. कुणी शिकवलं नाही. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, तरी वाळूजच्या कंपनीत आयटीआयवाले मला विचारून नट आवळतात.

आजपासून यादीत नवी वस्तू: केस.

कारण असं. एक मेला सोसायटीत ‘ऐंशीच्या दशकातली संध्याकाळ’ आहे. उत्कृष्ट केशभूषेला बक्षीस. शेजारचा संघपाल, कंपनीतही माझ्याच सोबत, सूत्रसंचालक आहे. तो म्हणाला, गोकुळभाऊ, तुम्ही परीक्षक व्हा, तुम्हाला स्पर्धेत उतरायची सोय राहिली नाही. आणि माझ्या डोक्याकडं बघून हसला.

उतरणार. माझा अठ्ठ्याऐंशीचा फुगा जसाच्या तसा.

१९ एप्रिल

आजच्या पोरांना फुगा म्हणजे वाढदिवसाचा वाटतो. म्हणून तपशील नोंदवून ठेवतो.

पुढचे केस ओले करून वर उचलायचे, आत हवा ठेवून मागं न्यायचे. ती उंची म्हणजे फुगा. कान अर्धे झाकलेले. पूर्ण झाकले तर गुंड, उघडे ठेवले तर खेड्यातला. कल्ले कानाच्या पाळीपर्यंत, खाली तिरपे. मागं केस कॉलरवर रुळले पाहिजेत, कॉलरच्या आत गेले की काम बिघडलं. कंगवा मागच्या खिशात, दांडा बाहेर. तेल अजिबात नाही.

शहरात गुलमंडीवर कापून घ्यायचो. गावी फुलंब्रीला जाताना एसटीच्या खिडकीत डोक्याला रुमाल बांधून बसायचो, वाऱ्यानं फुगा बसू नये म्हणून. वडील म्हणायचे, म्हशीला आंघोळ घालायला तुला वेळ नाय, डोस्क्याला मात्र तासभर. सुलेखाला बघायला गेलो तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि माझ्या कपाळाच्या वरच बघत राहिली. लग्नानंतर तिनं कबूल केलं, होकार फुग्याला दिला होता.

केस पुढं गेले. दोष हेल्मेटसक्तीचा.

२१ एप्रिल

याला विग म्हणायचं नाही. विग विकत मिळतो.

माप: आमच्या घरातलं मधलं पातेलं उलटं घातलं तर माझ्या डोक्याला बरोबर बसतं. पातेल्यावर मच्छरदाणीची जाळी ताणली. त्यात केस ओवायचे.

केसांचा प्रश्न होता. सुटला. सुलेखा विंचरताना गळालेले केस पिशवीत भरून न्हाणीघराच्या दाराआड टांगते. लीलाबाई केसांवर भांडी देते, ती गल्लीत आली की पिशवी द्यायची आणि पातेलं घ्यायचं असा बेत. मोठी पिशवी आहे. घेतली. लीलाबाई येण्याआधी सुलेखाला तसंच पातेलं स्वतः ठोकून देईन. तिचा फायदाच.

२७ एप्रिल

काम जोरात. केस एका रंगाचे नाहीत. काही काळे, काही लालसर, बरेचसे तोकडे तुटके. लालसर पुढं घेतले, उन्हात फुग्याला तशी झाक यायचीच.

अपेक्षानं विचारलं, पप्पा, पातेल्यावर काय मेलंय?

तिचं मन थाऱ्यावर नाही. रविवारी गंगापूरची मंडळी तिला बघायला येणार आहेत. मुलगा विश्वजीत, तिच्याच ऑफिसातला. बघायला म्हणजे नावापुरतं. दोघांचं ठरलेलं आहे. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मला सुलेखानं सांगितलं.

१ मे, सायंकाळ

चिकटवण्यासाठी रबरी पट्ट्यांना लावतात ते सोल्युशन वापरलं. आधी कूलरच्या पत्र्यावर चाचणी घेतली. पकड उत्तम. काढण्याची चाचणी घेतली नाही. चिकटवायची वस्तू चिकटली म्हणजे काम झालं.

निकाल: उत्तेजनार्थ. पहिलं बक्षीस संघपालला. तो खोबरेल तेल थापून, मधोमध भांग पाडून आला होता, बस. परीक्षकांना दशकाची माहिती नव्हती.

घरी येऊन रचना काढायला गेलो. निघत नाही. पकड उत्तम.

२ मे

सकाळी नऊला गंगापूरची मंडळी दारात. रविवारी यायची होती. ट्रॅक्टरच्या कामाला वाळूजला आले होते, म्हणाले, आलोच आहोत तर. विश्वजीतचे वडील फकिरराव आणि आजी वच्छलाबाई. विश्वजीत मागं, टोपी घालून.

मी खुलासा करणारच होतो. पण फकिररावांनी आधी स्वतःची टोपी काढली. डोकं चकचकीत. म्हणाले, पाव्हणं, काय रान माजवलंय हो डोस्क्यावर! आमच्याकडं बघा, तिशीच्या आत सगळं साफ. विश्वजीतनंही टोपी काढली. सुरुवात झालेली आहे.

वच्छलाबाईंनी माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. पुष्कळ वेळ. मग म्हणाल्या, सोयरीक पोरीच्या बापाचं डोस्कं बघून करावी. पतवंडाला आजोळचं केस येत्यात.

आता यावर कोणता बाप खुलासा करील?

फकिररावांनी विचारलं, डाय लावता का? मी म्हणालो, नाही. घरचेच आहेत. यात खोटा शब्द एकही नाही.

साखरपुडा अठरा मेला ठरला.

३ मे

अपेक्षा माझ्याशी बोलत नाही. सुलेखामार्फत निरोप: पप्पांनी फोन करून खरं सांगावं, नंतर कळलं आणि मोडलं तर मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

बरोबर आहे. उद्या फोन करतो.

४ मे

केला. फकिरराव फोनवर म्हणाले, बोला केसवाले! मी ट्रॅक्टरची चौकशी केली. त्यांनी विचारलं, तेल कंचं लावता? मी म्हणालो, घरी बनवतो. म्हणाले, एक बाटली धाडा.

मेथी, कढीपत्ता, खोबरेल. पहिल्याच प्रयत्नात चांगलं जमलं.

६ मे

डॉक्टरांनी सांगितलं, थिनर लावू नका, कातडी सोलून येईल. उन्हाळा आहे, घाम येऊ द्या, आपोआप सुटेल.

नाक्यावरच्या सलूनवाल्याकडं गेलो, किमान कडा तरी नीट करून घ्याव्यात. त्यानं बोटानं दाबून पाहिलं आणि कात्री मागं घेतली. चचा, मेरी कैंची को नक्को लगाव इसकू, ये बालाँ नै, पायपुसनी है. त्याचा जन्म अठ्ठ्याण्णवचा. त्याला काय कळणार.

८ मे

पारा बेचाळीस. जाळीच्या आत काहीतरी चालतं असं वाटतं. चालत नाही, घाम आहे. खाजवायला सायकलचा आरा वाकवून अवजार केलं. यादीत टाकलं.

कंपनीच्या गेटवर गार्डनं अडवलं. कार्डावरचा फोटो जुळत नाही म्हणाला. बावीस वर्षं रोज नमस्कार करतो. संघपालनं येऊन ओळख पटवली तेव्हा आत सोडलं. दिवसभर सगळे माझ्या मशीनला काहीतरी विचारायला येत होते.

१० मे

डॉक्टरांचं खरं ठरलं. कानामागची कड सुटली.

पुन्हा चिकटवली. आता सुटून चालणार नाही. फकिरराव रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात, स्वतःचं डोकं दाखवतात आणि विचारतात, लव आल्यासारखी वाटते का? मी म्हणतो, वाटते. त्यांना माझं दिसलं पाहिजे, पण फार नीट नाही, म्हणून मी खिडकीला पाठ करून बसतो. कूलर बंद ठेवावा लागतो, वाऱ्यानं पुढचा भाग एकदम उचलतो, झाकणासारखा. माझाच कूलर आणि मीच त्याच्यासमोर बसू शकत नाही.

साखरपुड्यानंतर लगेच काढणार. नक्की.

१२ मे

अपेक्षा बोलली. म्हणाली, लग्नापर्यंत घालणार का? लग्नात? बारशात? तुमचं नातवंड तुमचे केस ओढणार नाही का?

याचा विचार झाला नव्हता. बारशापर्यंत सोल्युशनचे किती डबे लागतील ते काढून पाहिलं. हा उपाय नाही.

मी म्हणालो, विश्वजीतला तूच सांग. ती म्हणाली, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण आजीपुढं त्याची जीभ उचलत नाही, त्या घरात आजी म्हणेल ते. आणि रडायला लागली. मी डोक्यावर हात ठेवला. स्वतःच्या. फुगा सरकत होता.

१४ मे

लीलाबाई गल्लीत ओरडत आली. केस मी सलूनमधून झाडून आणले असं सुलेखानं आजवर धरलं होतं. ती पिशवी आणायला न्हाणीघरात गेली आणि रिकाम्या खिळ्याकडं बघत उभी राहिली. मग बाहेर आली आणि माझ्या कपाळाच्या वर बघत राहिली. ट्रेच्या वेळी बघितलं होतं तशी. पण तशी नाही.

लीलाबाईला म्हणाली, पुढच्या खेपेला या.

मी पातेल्याचं आश्वासन दिलं. ती म्हणाली, पातेलं घाला चुलीत. करोनातून उठले तेव्हा मुठी मुठीनं गेले, ते आहेत हे. पुढं लावलेत ना, लाल, ते. रडत रडत गोळा केले मी. नाल्यात टाकवत नव्हते म्हणून भांड्याचं निमित्त केलं. तुम्ही तेव्हा घंटी बनवत होते.

हे मला माहीत नव्हतं. तिनं त्याच वेळी सांगायला हवं होतं. घंटीचं काम मात्र तेव्हा खरंच चालू होतं.

१५ मे

सुलेखाची वेणी आता बोटाएवढी आहे. आज पाहिली. लग्नात कमरेखाली होती, पुढं दोन बटा, गजरा बांधायला दोघी बहिणी लागल्या होत्या. तपशिलात माझी चूक सहसा होत नाही. हा सुटला कसा?

१७ मे

सुटकेचा मार्ग सापडला. उद्या फेटे आहेत! व्याह्यांना फेटा बांधतातच. एकदा फेटा चढला की रचना त्याच्या आत, वारा नाही, घाम नाही, कुणाची नजर नाही. कार्यक्रम संपला, अंगठ्या घातल्या, की घरी येऊन सावकाश कबुली. लेखी पाठवीन. मुद्देसूद.

१८ मे, सायंकाळ

फेटेवाल्यानं घट्ट बांधला. मीच सांगितलं, आणखी आवळ.

हॉलचे कूलर बंद पडले. माझ्या हातचे नव्हते. भटजींनी दोन्हीकडची सगळी नावं घेतली, फकिररावांनी शंभर माणसांशी माझी ओळख करून दिली, हे आमचे केसवाले व्याही. फेट्याच्या आत पाणी साचल्याचं जाणवत होतं. अंगठ्या झाल्या. टाळ्या वाजल्या. मी सुटलो असं मनात म्हटलं.

पंगतीत फकिरराव समोर आले. म्हणाले, पाव्हणं, घामानं निथळताय, उतरवा आता, मोकळे व्हा. मी नको म्हणालो. ते म्हणाले, मान म्हणून बांधला, मान म्हणून मीच उतरवतो. दोन्ही हातांनी, अगदी आदरानं उचलला.

सगळंच उचललं गेलं. फेटा त्यांच्या हातात, आत रचना, घरट्यासारखी. माझ्या डोक्याला एकदम गार वाटलं. इतकं बरं सतरा दिवसांत वाटलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

वाढपी थांबले. फकिररावांनी आत बघितलं, मग माझ्याकडं, मग हात हळूच स्वतःच्या डोक्यावर नेला, जिथं ते दोन आठवडे माझं तेल चोळत होते. तोंडातून एवढंच निघालं, मग त्या लवीचं काय?

अपेक्षाचा चेहरा पाहवेना. मी उभा राहून म्हणालो, चूक माझी, पोरीची नाही, सोयरीक मोडू नका. मुद्देसूद काही आठवलं नाही.

वच्छलाबाई जिलेबी खात होत्या. म्हणाल्या, कोन मोडतंय? बस खाली. मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. बाईचा केस न् बाप्याचा केस मला वळखू येत नाय व्हय? लेका, साठ वरसं सुनांच्या न् लेकींच्या येण्या घातल्यात.

मी विचारलं, मग आजोळच्या केसांचं ते?

म्हणाल्या, थट्टा केली. आमी पोरगी बघाया आलतो, तुझं डोस्कं कामून बघू? मला वाटलं, आता हसंल न् काढंल. तू काढीनाच. म्या म्हनलं, बघू किती दिवस काढतो.

सगळा हॉल हसला. विश्वजीत सर्वांत मोठ्यानं. फकिरराव सोडून. अपेक्षाही हसली, डोळे पुसत. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

१९ मे

कपाळावर गोल लाल चट्टा. टोपी घातली तर झोंबतो, नाही घातली तर दिसतो. गार्डनं आज न विचारता सोडलं.

एकंदर विचार करता प्रयोग यशस्वी. सतरा दिवस एकाही अनोळखी माणसानं स्वतःहून शंका घेतली नाही. सलूनवाला सोडून. वच्छलाबाई सोडून. अशी वस्तू नाटकमंडळीवाले शोधत असतात. दोन लाखांच्या खाली बोलणं करायचं नाही.

रचना धुऊन पातेल्यावर वाळत घातली आहे. सुलेखा त्या पातेल्यात वरण करत नाही. मघाशी जाता जाता पुढच्या लाल केसांवरून बोट फिरवून गेली.

२२ मे

लीलाबाई आली. सुलेखा म्हणाली, तुमची वस्तू, तुम्हीच काय ते करा, आणि दार लोटून आत जाऊन बसली.

मी फुगा दाखवला. उंची, कल्ले, कॉलरवरची रुळण समजावून सांगितली. लीलाबाईनं उलटा करून वास घेतला, जाळी चिमटीत धरून ओढली. म्हणाली, भाऊ, सुटे असते तर पातेलं दिलं असतं, झाकणासकट. हे चिकट करून ठिवलं, आता कोन घेईल? तुमचं मन मोडाया नको म्हनून घेते.

मी नाही म्हणालो. कारण: मागची बाजू अजून सुधारायची आहे. पुढचे लालसर केस तर कुणाला देण्यासारखे नाहीतच, ते सोडवून वेगळे ठेवणार आहे, थिनरनं एकेक, किती का दिवस लागेनात.

तिनं देऊ केलेलं आणि मी नाकारलेलं: प्लास्टिकचा एक मग, निळा, आणि वर रोख तीस रुपये.