गाडी बंद करता येत नाही

मथुरा,

तू नळावर गेली होती, म्हणून लिहून ठेवतो. कारखान्यातल्या ड्रायव्हर भरतीले मी आज जात नाही, तुह्या भावाले सांगून देजो. माह्यं लायसन ठेकेदाराच्या पेटीत हाय. रस्त्यावर गिट्टी टाकाचं काम संपल्याशिवाय देत नाही म्हणते. अन् त्याचं काम कधी संपते? पगार वाढवून मांगतला तर म्हणते, दुसरा ड्रायव्हर पाहू काय?

भरतीसाठी तू धुतलेला सदरा खुंटीवरच हाय. भाकर नेली.

त्याची गिट्टीची गाडी दारात चालूच हाय. बॅटरी मेली, ठेकेदार नवी घेऊन देत नाही. बंद केली तर धक्का माराले माणसं कुठून आणू? नाहीतर तू येईपर्यंत थांबलो असतो. निंगताना दोनदा हॉर्न वाजवीन. नळावर आयकू आला असन, तर तो मीच होतो.

फकिरा