पोचलेला म्हणजे नेमकं काय?

आदरणीय सुहासराव व्याही यांस,

केडगावहून यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. (संतापलो आहे, तरी नमस्कार पूर्ण घातला आहे.) विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? इकडे शनिवारपर्यंत सगळं क्षेम होतं.

शनिवारी तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई अर्णवराव, आम्हाला सिनेमाला घेऊन गेले. त्यात एक सासरा त्यागावर प्रवचन झोडत जावयाच्या ताटातला खरवस उचलतो आणि जावई वाकून म्हणतो, "मामा, तुम्ही फार पोचलेले आहात!" सगळं थिएटर खिदळलं. खिदळू दे, त्यांचे सासरे नव्हते शेजारी! पण अर्णवराव ठसका लागेपर्यंत हसले आणि ठसका थांबताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का? (माझा हात तेव्हा त्यांच्या पॉपकॉर्नच्या पुड्यात होता, हा निव्वळ योगायोग. तेलकट खाऊ नये, एवढंच त्यांना समजावत होतो.) माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्किंगमध्येच सांगून टाकलं, यंदा धोंड्याच्या जेवणाला येऊ नका! आमची मनवा डोळे पुसत तुमच्याकडे परतली. अधिक महिना संपत आलाय, राजेश्वरीचं अनारशाचं पीठ तयार आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही.

बरं, मी काही आततायी नाही. अर्थाची चौकशी केली. गुरुजी म्हणाले, पोचलेला म्हणजे सिद्धपुरुष. जरा निवलो. तेवढ्यात दूधवाला म्हणाला, "न्हाई वो काका, पोचलेला म्हंजी लई बेरकी!" आणि माझ्याकडे बघून हसला. तोही! आता गुरुजींना दक्षिणेची आशा असते, दूधवाला माझा मिंधा नाही. मग खरं कोण बोललं? सासऱ्याला बेरकी समजावं, ही तुमच्या घरची शिकवण का? मुलाला खडसावून विचारा.

आपला (अजून तरी) व्याही,
यज्ञेश्वर

ता. क. मुलाचं राहू द्या. साखरपुड्यात संगमनेरला तुम्हीच माइकवरून म्हणाला होतात, "आमचे व्याही पोचलेले गृहस्थ आहेत." मी उठून हात जोडले होते. तेव्हापासून चारचौघांत मी स्वतःच ते सांगत आलोय. सुहासराव, खरं सांगा, कोणत्या अर्थानं म्हणाला होतात?

ता. क. दुसरा. न राहवून राजेश्वरीला विचारलं. ती बोलली एकदाची. म्हणाली, "तुम्ही अजून कुठंच पोचला नाहीत." तिनं परस्पर फोन करून दोघांना रविवारी जेवायला बोलावलंय म्हणे. अर्णवरावांना सांगा, दूधवाल्याकडे चीक सांगून ठेवलाय. खरवस अख्खा त्यांचा. मी हात लावणार नाही.

पत्र पोचलं की कळवा. (पोचलं म्हणजे नुसतं पोचलं.)