आपल्या शहराचा टोस्ट

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: या शहरात एकही नवी वस्तू विकत घ्यायची नाही. वस्तू घेतली की माणूस अडकतो. सहा महिन्यांसाठी म्हणून आलो होतो, त्याला चार वर्षं होत आली. तरी आजही गादी जमिनीवर, कपडे दोरीवर, बॅग भरलेली. ही, आमची मुलगी चिमणी आणि आई तिकडे आमच्या शहरात. मी इकडे एका खोलीत, कंपनीचा टोस्ट विकतोय. यंदा बदली नक्की. हेड ऑफिसला साहेबांशी बोललो. म्हणाले, आधी सेल वाढवून दाखवा. दाखवतोच.

१९ जानेवारी
पाठ धरली. खुर्ची घेतली. प्लॅस्टिकची. खुर्ची वस्तूत धरत नाही, औषधात धरतो. कॉट मात्र नाही म्हणजे नाही. अगदीच वेळ आली तर फोल्डिंगची.
आयडिया सुचली. आपला टोस्ट खपत नाही, कारण तो कुठलाच नाही. कारखाना हायवेला, ना या गावाचा ना त्या गावाचा. आता तो या शहराचा करायचा. पाकिटावर इथला घड्याळाचा टॉवर आणि खाली ओळ: ‘इथल्या माणसाचं दुसरीकडे मन लागत नाही.’ ओळ माझी. इथून सुटायच्या घाईत लिहिली, पण झाली फक्कड.

६ फेब्रुवारी
होर्डिंगसाठी फोटो. ‘तीन पिढ्या, एक शहर, एक टोस्ट.’ आजोबा म्हणून आमचे घरमालक काका, नातू त्यांचाच. मधल्या पिढीसाठी ठरवलेला मॉडेल आलाच नाही. फोटोग्राफरला पुढे लग्नाची ऑर्डर होती, तो घड्याळ बघायला लागला. शेवटी मीच बसलो मधे. तात्पुरता. मला कोण ओळखतंय इथे?

२२ फेब्रुवारी
सगळे ओळखतात. होर्डिंग स्टेशनच्या बरोबर समोर. शहर सोडून निघालेल्या प्रत्येकाला मी हसत टोस्ट दाखवतो. न्हाव्याने आज विचारलं, वडिलांचा गुडघा कसा आहे? माझे वडील जाऊन दहा वर्षं झाली. मी काकांचा गुडघा कसा आहे ते सांगितलं.
सेल मात्र जोरात. बदली हातातोंडाशी आली.

११ मार्च
काकांकडे पाहुणे. काका त्यांना सांगत होते की हाच टोस्ट त्यांचे आजोबा टॉवरखालच्या दुकानातून आणायचे आणि चहात दोनदा बुडवून खायचे. मी नम्रपणे म्हटलं, काका, हा टोस्ट या शहरात आला तो माझ्याबरोबर. काका भडकले. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय माहीत, म्हणाले. कानाला खडा. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. मी अजून बाहेरचा आहे, हे कोणीतरी चारचौघांत कबूल केलं.

२ एप्रिल
साहेबांचा फोन. टोस्ट हिट. आता प्रत्येक शहरात हेच करायचं: ज्याचा त्याचा टॉवर, ज्याच्या त्याच्या तीन पिढ्या, ओळ तीच. मी बदलीचं काढलं. साहेब हसले. म्हणाले, इथल्या माणसाचं दुसरीकडे मन लागत नाही असं तुम्हीच होर्डिंगवरून सांगताय. तुम्हीच निघून गेलात तर लोक काय म्हणतील? माझीच ओळ मला ऐकवली. आपल्याच पायावर धोंडा तो हाच. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.
बादली घेतली. जुनी गळत होती. बादली ही काही वस्तू नव्हे.

१५ एप्रिल
मास्टरस्ट्रोक! आमच्या शहरातल्या जाहिरातीसाठी साहेबांना माझंच कुटुंब सुचवलं. आई, मी, चिमणी. अस्सल तीन पिढ्या, आणि स्वयंपाकघरही आमचंच. एकदा तिथल्या होर्डिंगवर चढलो की कंपनीला मला तिथेच ठेवावं लागेल. साहेब म्हणाले, उत्तम आयडिया. हिला लगेच कळवलं. ती म्हणाली, आधी ये, मग बोल. तिला मार्केटिंग कळत नाही.
खोली सोडतोय, असं काकांना सांगूनही टाकलं.

२८ एप्रिल
शूटिंग झालं. मी इथेच. साहेबांचं म्हणणं, एकच माणूस दोन शहरांचा कसा असेल? लोक ये-जा करतात, त्यांना कळेल. माझ्या जागी अकाउंट्समधला एक जण बसवला. उंच आहे म्हणे. आई फोनवर म्हणाली, मुलगा फार सज्जन, चहा झाल्यावर स्वतःची कपबशी विसळून ठेवली. ठीक आहे. एका फोटोचा तर प्रश्न.

४ जून
रजा नामंजूर. तरी बॅग उचलली आणि स्टेशन गाठलं. होर्डिंगखाली कोणीतरी ओरडलं, अरे, हा तर तोच! लोक जमले. वर मी, खाली मी, असे फोटो हवे होते. एका आजीबाईंनी काळजीने विचारलं, कुठे निघालास रे? करमेल का तुला? फोटो संपेपर्यंत गाडी गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. टोपी घालून.

१६ जून
चिमणीचा फोन. तिच्या शाळेसमोर होर्डिंग लागलंय. मधे बसलेत ते तुझे बाबा का, असं मुली विचारतात. मी म्हटलं, मग तू काय सांगतेस? म्हणाली, हो म्हणते. खरं सांगायला खूप वेळ लागतो, तोवर मधली सुट्टी संपते. मग म्हणाली, बाबा, खालची ओळ तूच लिहिलीस ना? तुझं तिकडेच मन लागतं का?
फार वाईट वाटलं. ‘नाही गं’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, ओळ चांगली आहे की नाही?

१७ जून
काकांना सांगितलं, खोली सोडत नाही. काका म्हणाले, सोडून जाणार कुठे? तुम्ही तर इथलेच. चहा दिला, बरोबर टोस्ट. त्यांच्या आजोबांसारखा दोनदा बुडवून खाल्ला.
संध्याकाळी कॉट घेतली. दुकानदाराने फोल्डिंगची दाखवली होती. नको म्हटलं. लोखंडी घेतली.