लिंबो म्हणजे काठ

पप्पा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही. आज लिहितेय ते एका शब्दासाठी.

शब्दांचं तुम्हाला वेड होतं. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पडवीत तुम्ही आम्हा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचात. मी आठेक वर्षांची असेन, तुम्ही मला विचारलंत, आमेन म्हणजे काय? मी म्हटलं, प्रार्थना संपली. पोरं हसली आणि तुम्ही मला वर्ग सुटेपर्यंत उभं ठेवलंत. मग सांगितलंत, तो हिब्रू शब्द आहे. म्हणजे पक्कं, ज्यावर भार टाकता येतो असं. ख्रिस्त ग्रीक आणि मसीहा हिब्रू, पण दोन्हींचा अर्थ एकच, तेलाने अभिषेक केलेला. नाताळ पोर्तुगीजांकडून आलेला, जन्माचा दिवस. बाप्तिस्मा म्हणजे बुडवणं. अर्थ कळल्याशिवाय शब्द तोंडात घ्यायचा नाही, असं तुम्ही बजावायचात. आणि त्याच पडवीत हेही शिकवलंत की कुणी मरणाच्या दारात असेल तर पाद्रींची वाट बघायची नाही. कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर पाणी ओतायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, बस.

मी लग्न केलं ते उरणकडच्या मुलाशी. घरची मिठागरं गेलेली, तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. रजिस्टर लग्न. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. मी घरी यावं, जेवावं, याला तुमची ना नव्हती, पण त्याच्याशी तुम्ही बोलत नव्हतात. त्याचं नावही घेत नव्हतात, 'तो ट्रेलरवाला' म्हणायचात. पहिल्या बाळंतपणाला आईनेच मला बोलावून घेतलं.

सातवा संपत आलाय. सकाळची वेळ, स्वयंपाकघरात मी नारळ खवतेय आणि कळ येते. आई मला तिथेच चटईवर निजवते. आरोग्य केंद्रातली नर्स येते, अलिबागला न्यायला गाडी सांगितलेली असते, पण गाडी यायच्या आधी तो येतो. दोन्ही तळहातांवर मावेल एवढा. श्वास घेतोय. नर्स हळूच आईला सांगते की हा अलिबागपर्यंत टिकायचा नाही. तुम्ही दारात उभे आहात. आई म्हणते, "पाणी घाला ना त्याच्या डोक्यावर." तुम्ही हलत नाही. ती पुन्हा म्हणते.

"त्याच्या बापाला विचारलंय का? हिंदूच्या पोराला मी चोरून बाप्तिस्मा देणार नाही," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "मी त्याची आई आहे. मी सांगतेय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि ओटीवर जाऊन बसलात. आईने उभ्या जन्मात तुमच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्या दिवशीही टाकलं नाही. माझ्याने उठवत नव्हतं. पाऊण तास श्वास चालला त्याचा, पप्पा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

नवरा संध्याकाळी पोचला, त्याचा ट्रेलर घाटात अडकला होता. तोवर तुम्ही सांगून टाकलं होतंत की बाप्तिस्मा नाही, तर सिमेटरीत जागा नाही. भिंतीबाहेर, सुरूंच्या बाजूला, त्याने एकट्याने खड्डा खणला. रात्री आईने तुम्हाला विचारलं, पोर आता कुठे असेल? तुम्ही म्हणालात, लिंबोत. तिथे त्रास नाही, पण देवाचं दर्शनही नाही. शब्दन् शब्द फोड करून सांगणारे तुम्ही, तेवढा एक तसाच टाकून झोपायला गेलात.

गेल्या महिन्यात नव्या फादरांना मी विचारलं. ते म्हणाले, लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ काठ, लुगड्याला असतो तसा. नरकाच्या काठावरची जागा, अशी जुन्या पंडितांची कल्पना. चर्चने ती मानलीच पाहिजे असं कधी ठरवलं नव्हतं. अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवायची. मग त्यांनी विचारलं, आईची बाप्तिस्म्याची इच्छा होती का? होती म्हटल्यावर म्हणाले, मग सिमेटरीत पुरायची परवानगी बिशपांकडून मिळू शकली असती. तेव्हाच्या फादरांना कुणी विचारलं होतं का?

नव्हतं विचारलं. त्या दिवशी फादर आपल्या घरापासून शंभर पावलांवर, त्यांच्या बंगल्यातच होते. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या पोराला चर्चने बाहेर ठेवलं. म्हणून मी मिस्सेला जाणं सोडलं, वेदीकडे पाठ फिरवली. आणि ते सगळं तुमच्या एकट्याचं होतं. तुम्हाला राग माझा होता आणि तुम्ही तो त्याच्यावर काढलात. क्षमा या शब्दाचा अर्थही तुम्ही आम्हाला शिकवला होता, तो मी इथे लिहीत नाही.

हे पत्र तुमच्या थडग्यावर ठेवावं असं मनात होतं. पण नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, तिथे मेणबत्ती लावायला माझा नवरा जातो, दरवर्षी, मी न सांगता. त्याच्या हाती पडायला नको. बाळ मेलेलंच जन्माला आलं, असं मी त्याला त्या संध्याकाळी सांगितलं होतं, आणि अजूनही तो तेच खरं धरून आहे.