माझं रक्त चाललं

रविवार संध्याकाळ, भाजे

आज माझं रक्त घेतलं! वहिनीच्या बाळंतपणात तिला रक्त हवं होतं, तेव्हा हिमोग्लोबिन कमी म्हणून मला परत पाठवलं होतं. कुणा अनोळखी माणसाच्या रक्तावर ती वाचली. मी नुसतं कच्चं खाणारी, दूधही बंद. लोह येणार कुठून? तरी हट्ट सोडला नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, रोज भिजवलेले अळीव आणि मोडाची मटकी लिंबू पिळून खाल्ली.

आज रक्तदान शिबिरात पिशवी भरत गेली. केवढं गडद लाल! खरंच माझं?

वहिनी शेजारीच उभी होती. "वन्सं, निस्ता पाला खाऊन एवढं लाल रगत?"

मी तो लाल रंगच बघत राहिले. तिनं हळूच पिशवीला बोट लावलं.

"आगं बया, गरम हाय!"