मागचं डावं चाक

आबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र वर पोचवील असं पोस्ट काही निघालेलं नाही, तरी लिहिते. पोळा झाल्यावर चार दिवसांनी, सकाळी, तुमच्या जावयांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्सला दोन तास लागतील म्हणाले, म्हणून गावातली जीप बोलावली. आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात रीत अशी, की आजाऱ्याबरोबर सगळी भावकी निघते. जो घरी राहिला त्याला जन्मभर टोमणे. अकरा जण चढले आणि मागचं डावं चाक पार चपटं झालं. स्टेपनी आधीच फुटलेली, पंप कुणाकडं नाही. जीपवाला म्हणतो, "हवा जरा कमी हाय आजी, जाईल तशीच."

मला नागापूरचं आपलं हवा भरायचं दुकान दिसतं. मी दहा वर्षांची. नुकत्याच आलेल्या ट्रकच्या टायरला लाथ मारून सांगते, चांगलाय. तुम्ही माझा हात धरून त्या तापलेल्या रबरावर दाबता. "डोळ्यानं न्हाई, हातानं बघ. कमी हवेचं चाक तापतं. फुटलं की मानूस जातं." हाताला फोड आला. तूप आईनं लावलं, तुम्ही नाही.

मी म्हटलं, "उतरा सगळे." थोरले दीर म्हणाले, "मी सख्खा भाऊ हाय." "भावजी, सख्खे असाल, पण वजन लई हाय. उतरा." यांनी भावाचा हात धरला होता, तो मी सोडवला. यांना उजव्या अंगाला घेतलं, डोकं मांडीवर. जीपवाल्याला जीप बैलगाडीच्या चालीनं घाटातून उतरवायला लावली. दोनदा थांबवून चाकाला हात लावला. दोन्हीदा चटका बसला, दोन्हीदा निवेपर्यंत थांबलो. खाली फाट्यावर हवा भरली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

चाक फुटलं नाही, आबा. तुमचं खरं होतं.

रडू आलं नाही, अजून येत नाही. भाकरी करते, खाते. हे पान नातीच्या वहीतलं आहे. लिहून झालं की चुलीत घालीन. दीर आले की एकच विचारतात, "शेवटी काय बोलला?" मी सांगते, "भावजी, तुमचं नाव घेतलं." नाव घेतलं नव्हतं. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा हे म्हणाले, "चल ना गं." आणि मी म्हणाले, अजून गरम हाय.