पारबताचं शेवटचं कडवं

४ ऑगस्ट, सोमवार
डोकं फिरलं आज. आमच्या गाण्याचा अल्बम करून राहिली ते रुतुजा, तिच्या स्टुडिओत गेली होती, मनीषनगरले. तिसरा माळा, लिफ्ट बंद. गाणं तयार झालं, ऐकाले या म्हणे. मायचं बिडीचं गाणं, बिड्या वळता वळता तिनं जोडलेलं. एप्रिलमधी मी अख्खं गायली होती, घसा कोरडा पडेपर्यंत. आता त्यात उरलं काय? माहा एक श्वास, एक "बाई", अन् मंग धाड धाड धाड. बंगलोरच्या निखिलनं मशीनवर केलं म्हणे. "बाई बाई बाई बाई बाई", जसा कोणाले विंचू चावला.
म्हटलं, बाकीचं गाणं कुठी हाय?
"मावशी, हे इलेक्ट्रॉनिक आहे. यात आवाज वाद्यासारखा वापरतात."
म्हटलं, मावशी म्हणू नको, मी तुह्या मायपेक्षा लहान असन. अन् वाद्यच पाहिजे होतं तं पेटी आणाची होती.
हासली ते. आता ताई म्हणते.
पायानं ठेका धरला होता मी. तिले दिसलं नाही, बरं झालं.

७ ऑगस्ट
डोना म्हणून परदेशातली गाणारी हाय, तिच्यासंगं गायली. ते तिकडं सातासमुद्रापार पडद्यावर, मी इकडं कानाले डबे लावून, मधात काच. सोल गाते म्हणे. सोल म्हणजे? रुतुजा म्हणे आत्मा. म्हटलं, आमी विहारात जाणारे, आमी आत्मा मानत नाही. पण हिचा आवाज मानते. बुडापासून उचलते बाई, अन् घाई नाही कशाची.
मी मायची ओळ गायली,

पान भिजते रातभर, बाई, मी कोरडी राह्यली
सुपात बसलं ऊन, मी सावली नाही पाह्यली

तिनं खालून नुस्तं "हूं" धरलं. आंगावर काटा. मले कोणी असा आसरा देल्लाच नव्हता गातानी. कार्यक्रमात तं ढोलकीवालाच माह्या पुढं पळते.
शेवटचं कडवं झालं तं थांबली. हे काय होतं, विचारलं. रुतुजानं इकडून तिकडून सांगतलं. माह्या मायचं नाव हाय ते, पारबता. आमच्यात गाणं जोडणारी शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालते. मंग समजते गाणं सरलं, अन् कोणाचं होतं.
डोनानं छातीवर हात ठेवला. "पारबाता." तीनदा म्हटलं.
मेसमधी पोळ्या लाटाले उशिरा गेली. मेसवाला बोलला. बोलू दे.

१३ ऑगस्ट

मायच्या एका गाण्याचे तीन गाणे केले त्याहिनं, तिन्ही आले फोनवर. निखिलचं धाडधाड, डोनाचं, अन् तिसरं ते वर्ल्ड म्युझिकवालं, कोण्या देशातल्या माणसानं तारा छेडल्या त्याच्यावर. वर्ल्ड म्हणजे जग. मंग त्याहिचं ते म्युझिक अन् आपलं ते जग? नंदनवन वस्तीत राहते म्हणून मी जग झाली अन् त्याहिले राहाले दुसरी जागा हाय काय?
पण ते जाऊ दे. तिन्हीत शेवटचं कडवं नाही. डोनाच्या बी नाही. कापलं.
रुतुजाले फोन. "ताई, तीन मिनिटांच्या वर कोणी ऐकत नाही. रेकॉर्ड कंपनीनंच सांगितलं. तो शेवट जरा लांबत होता."
म्हटलं, अन् खाली काय लिहिलं ते वाच. माह्यी इंग्रजी गाडीच्या नंबरापुरती.
वाचलं. "गायिका, कुंदा. गीत, पारंपरिक."
"पारंपरिक म्हणजे?"
"म्हणजे... कोणी केलं ते माहीत नसतं तेव्हा लिहितात."
मले माहीत हाय. मायले माहीत हाय. लेनमधल्या साऱ्या बायाले माहीत हाय. माहीत नाही ते कोणाले? माय खाटेवर बसून पान चावून राहिली अन् हे तिले पारंपरिक करून राहिले! नाव होतं ते आधी कापाचं, अन् मंग म्हणाचं नाव सापडत नाही.
फोन आपटला. काच गेली. माह्याच फोनची.

१४ ऑगस्ट
मायले ऐकवलं. ऐकवाचं नव्हतं, पण तिनं कालपासून डोकं खाल्लं, "माह्यं गाणं परदेशात गेलं तं मले काहून नाही?" डोनाचं लावलं. डोळे मिटून ऐकलं. बोटं हालत होते, बिडी वळल्यासारखे. सरलं तरी तशीच बसली.
"मंग?" माय म्हणे.
"सरलं."
"कसं सरलं? गाठ कुठी हाय?"
म्हटलं, कापलं त्याहिनं. लांबत होतं म्हणे.
"जिंदगीभर बिड्या वळल्या. पान नवं, तंबाखू नवी, पण दोऱ्याची गाठ नसन तं शेठ वापस फेके. खुलते ना ते! बिनगाठीचा माल घेणारे कोणते लोकं हायेत वं हे?"
अन् मंग, "मी मेली, असं सांगतलं काय तू त्याहिले?"
जेवली नाही.

१८ ऑगस्ट
रुतुजा घरी आली. मायच्या पाया पडली, चिवडा आणला. कंपनीशी बोलली म्हणे, पारंपरिक काढतीन अन् मायचं नाव लिहितीन. पण गाणं आता लांब होणार नाही. महिन्याच्या शेवटी नाही देल्लं तं अल्बमच रद्द.
माय म्हणे, "कुठी लिहिशीन?"
"फोनवर दिसेल, आजी. गाण्याच्या खाली."
"मले वाचता येत नाही बाई."
मंग मीच बोलली. हे बाई कानानं जगली. तिले ऐकू आलं तं नाव, नाही तं चिंधी.
रुतुजाचे डोळे भरले. म्हणे दोन वर्षांची मेहनत आहे माझी पण. असन. मी काय तिचा गळा धरून राहिली? भांडण तिच्याशी नाहीच, पण भेटते तेच.
अन् मले हे रेकॉर्ड पाहिजे. डोनासंगं गायलेलं तं पाहिजेच. हे कोणाले सांगत नाही.

२० ऑगस्ट
पोळ्या लाटता लाटता सुचलं. शेवटचं कापतात ना? मंग नाव मधात घालू.
माय भडकली. "आधी काम, मंग नाव. सुरुवातीलेच नाव सांगत सुटाले मी काय निवडणुकीत उभी हाव?"
म्हटलं, मंग राह्य पारंपरिक.
दिवसभर अबोला. दोघींचं डोकं एकाच दगडाचं.

२१ ऑगस्ट
सकाळी चहा ठेवला तं खाटेवरून आवाज. तोंड भिंतीकडं, जसं मले सांगूनच नाही राहिली.

पारबताचं पान, बाई, पारबतानं वळलं
कोणाच्या बी ओठी गेलं, पारबताले कळलं

चहा उतू गेला.
"धृपदाच्या जागी घाल," म्हणे. "दर कडव्यानंतर येईन. काप म्हणा आता. अन् शेवटची गाठ बी सोडाची नाही."
"ते तं कापतीनच."
"कापू दे. तू गा."
कमरेनं वाकलेली म्हातारी, अन् आज सकाळी नवं जोडलं. पारंपरिक म्हणे!

२४ ऑगस्ट
गायली. तिन्ही गाण्याले नव्यानं. रुतुजानं आपल्या मनानंच एक मधलं कडवं काढाचं ठरवलं, वेळ बसवाले. मी मायले विचारलं फोनवर. "उन्हाचं काढ, ते कच्चंच होतं," म्हणे. म्हणजे माय ऐकते, पण तिले विचारावं लागते.
रुतुजानं कापून पाह्यलं, खरंच, माह्या समोर. "ताई, इथं नाव काढलं तर ताल तुटतो."
म्हटलं, तेच तं.
पाठवलं तिघाहिले, अन् कंपनीले.

२८ ऑगस्ट
कंपनी गप. रुतुजा म्हणे वाट पाहा. मले वाट पाहता येत नाही, बसची बी नाही. डोनाचा आवाज आला फोनवर, नवं धृपद म्हणून पाठवलं. "वळलं" तिच्या तोंडात बसत नाही. पण पारबता आता बरोबर म्हणते.

३० ऑगस्ट
कंपनीचं उत्तर नाही. उद्या शेवटचा दिवस.
निखिलचं मात्र आलं. त्याची खोड काही जात नाही, पुन्हा तुकडे केले. म्हटलं आता याले बी शिव्या द्याच्या, अन् लावलं, फुल आवाजात. धाड धाड धाड. अन् मंग माह्या आवाजात,
"पारबता पारबता पारबता पारबता..."
त्या गड्यानं तोच तुकडा उचलला. थांबतच नाही.
माय मागं मोरीत होती. तिथून वरडली, "आली वं, आली! आग लागली काय? काहून एवढी बोंबलून राहिली माह्या नावानं?"
गाणं सरल्यावर पुन्हा लावलं.